समोरची बाजू

नवरात्र तोंडावर आलं होतं. पाऊस पुरता गेला नव्हता. दुपारी एखादी सर यायची, अंगण भिजवून जायची आणि तिच्या मागोमाग असं ऊन पडायचं, की शेवाळलेल्या चिऱ्यांतून वाफ निघावी. श्रीवर्धन तालुक्यातलं किनाऱ्यालगतचं एक गाव, तिथली सुपारीची वाडी, वाडीला लागून घर आणि घरासमोर हे अंगण. अंगणात चार एटीव्ही, म्हणजे वाळूवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या होत्या, पण एकीलाही चाक नव्हतं. फणसाच्या ओंडक्यांवर तोलून धरलेल्या त्या गाड्या पाय दुमडून बसलेल्या गुरांसारख्या दिसत होत्या. सोळा चाकं पडवीच्या भिंतीला ओळीने टेकवलेली. त्यांतल्या सात चाकांवर खडूने फुली मारली होती. त्या सातांचे टायर बदलायचे होते, आणि तेही याच अंगणात, हातांनी.

"खंडेनवमीला गाड्या चाकांवर उभ्या पायजेत, ताई," थोरला भाऊ म्हणाला. "एकदा दिवाळीची गर्दी सुरू झाली की टायरला हात लावायला वेळ मिळत नाय."

मी खरं तर वाड्या बघायला गेले होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि पिढ्यान्‌पिढ्या उभ्या असलेल्या नारळी-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून हातात पीक यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घर कशावर चालवायचं, हा प्रश्न इथल्या घराघरात होता. या घराने त्याचं उत्तर शोधलं ते वाळूवर. दोघा भावांनी कर्ज काढून आधी दोन जुन्या एटीव्ही घेतल्या, पुढे आणखी दोन. पर्यटकांना किनाऱ्यावर फेऱ्या मारायच्या, त्या पैशातून हप्ता भरायचा आणि उरलेल्यातून वाडीत नवी रोपं जगवायची. मी रोपांबद्दल विचारायला गेले आणि तीन दिवस टायरांपाशी बसले. त्या तीन दिवसांत जे दिसलं, त्याचा हा वृत्तांत.

हे काम घरी का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्याचं उत्तर येताना वाटेतच मिळालं होतं. मुंबई–गोवा महामार्गालगत माणगावच्या बाजूला पंक्चरच्या एका दुकानात मी थांबले होते. तिथल्या उस्तादांनी टायर काढायचं त्यांचं यंत्र दाखवलं. रिमला पकडणारे त्याचे जबडे मोटारींच्या मापाचे होते. एटीव्हीच्या रिम आठ ते बारा इंचांच्या. लहान रिम त्या जबड्यांत नीट बसत नाही, जोर केला तर वाकते. "ते चाक इथं येतं तेव्हा मीपण हातानेच काढतो," ते म्हणाले. "पण एका चाकासाठी माणूस एवढ्या लांब येणार, रांगेत थांबणार, त्याचा अख्खा दिवस जाणार. त्यापेक्षा त्याने शिकून घ्यावं."

अंगणातल्या लोकांनी तेच केलं होतं.

मऊ चाक

एटीव्हीचा टायर पहिल्यांदा हाताळला की माणूस चकित होतो. दिसायला तो ट्रॅक्टरच्या टायरचं पिल्लू वाटतो, पण गाडीवर चढवलेला असतानाही अंगठ्याने दाबला तर दबतो. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला साधारण ३० ते ३५ पौंड दाबाची हवा असते. एटीव्हीच्या टायरमध्ये बहुधा ३ ते ७ पौंड. मोटारवाल्याच्या नजरेने बघितलं तर हा टायर पंक्चरच म्हणायचा.

पण त्याचं सगळं सामर्थ्य त्या कमी हवेत आहे. ढोबळ हिशोब करून बघा. स्वारासकट गाडीचं वजन ३०० किलो, म्हणजे सुमारे ६६० पौंड धरू. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल, तर ते वजन पेलायला चार चाकं मिळून २२ चौरस इंच जमीन पुरते. एका चाकाच्या वाट्याला येते जेमतेम दोन काड्यापेट्यांएवढी जागा. तेवढ्या जागेवर पाऊणशे किलोंचा भार पडला की वाळू दुभंगते आणि चाक रुततं. हवा ५ पौंडांवर आणली की टायर पसरतो आणि प्रत्येक चाक सुमारे ३३ चौरस इंच जमिनीवर टेकतं, म्हणजे पंजा उघडून हात टेकावा तेवढ्या जागेवर. तीच वाळू मग चाकाला उचलून धरते. टायरच्या भिंतीचा ताठपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत नाही, पण गोष्टीचा गाभा यात आला.

हा मऊ टायर सापडला आणि त्याच्याभोवती गाडी घडली, असं या वाहनाच्या जन्माबद्दल म्हणता येईल. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांना हिवाळ्यात विकायला काहीतरी हवं होतं. बर्फ पडला की मोटारसायकली खपत नसत. जपानमधले अभियंते ओसामु ताकेउची यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत नाना आराखडे करून पाहिले. बर्फावर आणि चिखलावर काही केल्या पकड येत नव्हती. अखेर पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या एका सहाचाकी अमेरिकी गाडीच्या फुग्यासारख्या टायरांनी वाट दाखवली. १९७० मध्ये होंडाची तीनचाकी बाजारात आली. शेतकऱ्यांनी ती उचलली, आणि शेतातच तिचं दुबळेपण उघडं पडलं. कापणीनंतर उभी राहिलेली धसकटं त्या मऊ रबरात घुसायची. १९७५ मध्ये टायरच्या आत कापडाचा मजबूत थर आला, तेव्हा तो टिकाऊ झाला. पुढे १९८२ मध्ये सुझुकीने चारचाकी आणली. तीनचाकी वळणावर उलटून इतके अपघात झाले, की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्याने तिची विक्री थांबली. आज श्रीवर्धनच्या वाळूवर दिसते ती चारचाकी त्याच घराण्यातली.

धसकटाचा तो प्रश्न इथेही आहे, फक्त त्याचं रूप वेगळं. वाळूत गाडलेली बाटलीची काच, जाळ्यांचे तुटके हूक, सुकलेल्या केवड्याचे काटे. "पोटाला पंक्चर झालं तर दोरी भरून चालवतो," धाकटा म्हणाला. दोरी म्हणजे भोकात ठासायची डिंकाळलेली चिकट पट्टी. "पण भिंतीला चीर गेली की टायर गेला. भिंत सारखी वाकते. तिथं काही टिकत नाय."

कड सोडवताना

चाक गाडीवरून उतरवणं हे सर्वांत सोपं काम. तरी त्यातही क्रम आहे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, कारण उचललेलं चाक पान्याबरोबर फिरत राहतं. मग जॅक आणि जॅकपाठोपाठ ओंडका. चिरा कधीही लावायचा नाही. कोकणात चिरा हाताशी असतो आणि मजबूत दिसतो, पण भार कडेवर आला की तो न सांगता फुटतो. भावांच्या वडिलांनी, सगळे ज्यांना अण्णा म्हणतात, मला हे दोनदा सांगितलं. ते पडवीत बसून सुपारी सोलत होते, पण त्यांचं लक्ष अंगणाकडे होतं.

मग चाक आडवं करायचं, व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची आणि टायरची कड रिमपासून सोडवायची. सगळ्या कामात अवघड आहे ते हेच.

कारण समजून घेण्यासारखं आहे. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तारांचं कडं असतं आणि आतली हवा ती कड रिमच्या काठावर दाबून धरते. एटीव्हीत हवाच कमी. वळणावर कड घसरली तर टायर रिमवरून उतरेल. म्हणून या रिमना काठाजवळ एक उंचवटा ठेवलेला असतो आणि कड त्या उंचवट्यापलीकडे जाऊन घट्ट अडकते. त्यात किनाऱ्यावरची पोलादी रिम. खारं पाणी फटीत शिरतं, गंज फुगतो आणि रबर नि लोखंड जणू एकजीव होतात. पहिल्या चाकावर थोरल्याने टाचेने दाबून पाहिलं. टायर नुसता वाकला, कड केसभरही हलली नाही.

पुण्या-मुंबईच्या गॅरेजमध्ये यासाठी यंत्र असतं. इथे होतं आठ फुटी सागवानी दांडकं आणि घरचा पिकअप. चाक पिकअपशेजारी आडवं ठेवलं. रिमच्या अगदी लगत, टायरच्या भिंतीवर, लाकडाचा एक ठोकळा उभा केला. दांडक्याचं एक टोक पिकअपच्या चासीखाली अडकवलं, ते ठोकळ्यावरून पुढे काढलं आणि दुसऱ्या टोकावर धाकट्याने भार टाकला. ठोकळा चासीपासून एका फुटावर, तो स्वतः आठव्या फुटावर. साठ किलोंच्या पोराने ठोकळ्यावर जवळजवळ पाचशे किलोंचा भार आणला. फटीत आधीच भांडी घासायच्या साबणाचं पाणी सोडलं होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग गंजाचा कोरडा चरका आला आणि कड चार बोटं खाली उतरली.

"एकाच जागी दाबत राहायचं नाय," तो म्हणाला. "चाक फिरवायचं, बाजूला दाबायचं, परत फिरवायचं."

साबणाऐवजी डिझेल किंवा ग्रीस वापरलेलं मी इतरत्र पाहिलं होतं, म्हणून विचारलं. दोघेही एकदम नाही म्हणाले. खनिज तेलाने रबर फुगतं, कुजतं, आणि कड तेलकट राहिली तर रिम टायरच्या आतल्या आत फिरते. साबणाचं पाणी वाळतं आणि कामापुरतंच निसरडं राहतं.

रिमच्या पोटातली खोबण

दोन्ही कडा सुटल्या तरी टायर रिमवरच असतो. रिमचा काठ कडेच्या कड्याहून मोठा आणि कडं पोलादाचं, ताणलं जाणारं नाही. लहान वर्तुळातून मोठं वर्तुळ बाहेर काढायचं. बघणाऱ्याला हे अशक्य वाटतं, आणि न शिकलेला माणूस इथेच टायर उचकटायच्या लिव्हरवर सगळं अंग टाकतो.

धाकट्याने तसं काही केलं नाही. ज्या बाजूने रिमची खोबण जवळ आहे ती बाजू त्याने वर ठेवली. चाकाच्या पलीकडे गुडघे टेकले आणि तिथली कड दाबून खोबणीत उतरवली. मग आपल्या बाजूला लिव्हर घातली आणि एका हाताने, पाट उचलावा तशी, कड काठावरून वर काढली. दुसरी लिव्हर तीन बोटांवर, मग पहिली पुढे. दर वेळी घास लहान. तिसऱ्या-चौथ्या घासानंतर उरलेली कड आपसूक निघाली.

"इथं जोर लागत नाय, ताई. जोर लागला तर समजायचं समोरची बाजू वर आलीय. लिव्हर सोडायची, समोर जायचं, ती खाली दाबायची आणि मग परत यायचं."

रिमच्या पोटात ही जी खोलगट खोबण असते, तिच्यामागे एक नेमकी कल्पना आहे. ती नसती तर कुठलाच टायर घरी बदलता आला नसता. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, पण तो टायर रिमला चिकटवलेला असे. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लेरमों-फेराँ इथल्या मिशेलँ बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असा पंक्चर झालेला टायर घेऊन आला. तो उखडून दुरुस्त करायला तीन तास लागले, आणि चिकटवलेला टायर वाळायला रात्र गेली. एदुआर मिशेलँ यांना हवेच्या टायरवरच्या स्वारीच्या सुखापेक्षा त्या दुरुस्तीचा त्रासच जास्त शिकवून गेला. स्वाराला स्वतः, रस्त्यात, काही मिनिटांत काढता-बसवता येईल असा टायर हवा, हे त्यांनी ओळखलं आणि १८९१ मध्ये सुटा होणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षीची पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही लांबलचक शर्यत शार्ल तेराँ यांनी त्या टायरांवर जिंकली. त्याच सुमारास, १८९० मध्ये, लंडनच्या चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडेत न ताणणारी तार घातली आणि तिला साजेशी, मध्ये खोल असलेली रिम सुचवली. तार ताणत नाही, म्हणून चालताना टायर सुटत नाही. रिममध्ये खोबण आहे, म्हणून हवं तेव्हा सुटतो. सायकलीपासून मोटारीपर्यंत आणि या अंगणातल्या चाकांपर्यंत सगळीकडे तीच जोडी काम करते आहे.

टायरचं घट्टपण आणि त्याचं सुटणं या दोन्हींची सोय एकाच रचनेत, एकाच माणसाने केली, याचं मला त्या अंगणात बसून फार अप्रूप वाटलं.

धाव

मला एक जुनी गोष्ट आठवली. माझं बालपण साताऱ्याकडचं. आमच्या गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा दिवस असे, त्या दिवशी शाळेला जाणारी पोरं वाटेतच अडकत. सुताराने चाक तयार केलेलं असे. लोहाराने लोखंडी पट्टी वाकवून, सांधून कडं केलेलं असे, आणि ते मुद्दामच चाकाच्या घेराहून लहान ठेवलेलं. गोवऱ्यांच्या गोल आगटीत ते लाल होईपर्यंत तापवायचं, चौघांनी सांडशांनी उचलायचं आणि आडव्या चाकावर टाकायचं. लाकूड भुरुभुरु पेटायचं. मग घागरीमागून घागर पाणी. वाफेचा लोट उठायचा आणि त्यातून करकर आवाज येत राहायचा. आवळत जाणारी धाव चाकाचे सगळे सांधे एकमेकांत दाबून बसवत असे.

त्याचा हिशोब मी खूप पुढे समजून घेतला. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे पावणेपाच मीटर. लोखंडाचं तापमान पाचशे अंशांनी वाढलं तर तेवढ्या लांबीची पट्टी तीनएक सेंटिमीटरने, म्हणजे इंचभराने वाढते. लोहाराकडे ना थर्मामीटर होता ना गणित. लोखंडाच्या रंगावरून त्याला तो इंच कळत असे.

प्रश्न तोच होता: लहान कडं मोठ्या चाकावर कसं चढवायचं? लोहाराने कड्याला मोठं केलं, वेल्चने चाकाला एका बाजूला लहान केलं. हातोड्याने ठोकून कड्यात चाक बसवायचा विचार दोघांनीही केला नाही. वस्तू कुठे नमायला तयार आहे, ती जागा आधी शोधायची. कारागिरी म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी आता एवढंच सांगेन.

अण्णांना ही आठवण सांगितली. त्यांच्या घरी गाडीबैल होते, वाडीतला माल ते गाडीतून नेत. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उन्हाळ्यात धाव ढिली व्हायची. लाकूड सुकायचं ना. मग रात्रभर चाक तळ्यात बुडवून ठेवायचं. सकाळी परत घट्ट." म्हणजे तिथेही त्यांनी लोखंडाला हात लावला नव्हता. पाणी पिऊन लाकूड फुगे आणि आपणहून धाव धरून ठेवी.

दोन आवाज

दुसरा दिवस नव्या टायरांचा. टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं, वाचायची सवय मात्र लागते. २५×८–१२ म्हणजे उभा टायर २५ इंच उंच, ८ इंच रुंद आणि १२ इंची रिमसाठी. पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या उंचीचं प्रमाण कंपनीने दिलेलंच ठेवावं लागतं, नाहीतर आतले गिअर एकमेकांशी झुंजत राहतात. भिंतीवर एक बाण असतो, चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरेल ती दिशा दाखवणारा. आणि महामार्गावर वापरण्यासाठी नाही, असा इशाराही छापलेला असतो. डांबरी रस्त्याच्या वेगात हा मऊ टायर तापतो, डगमगतो.

नक्षीचीही निवड असते. खोल खाचांचा चिखलाचा टायर दिसायला रुबाबदार, पण कोरड्या वाळूत तो जमीन खणत खाली जातो. भावांनी उथळ नक्षीचे टायर आणले होते.

गोदामात एकावर एक रचून ठेवल्याने टायर चपटे झाले होते, दोन्ही कडा जवळ आलेल्या. असा टायर रिमवर हवा धरत नाही, सगळ्या फटींतून ती निसटते. धाकट्याने सकाळीच त्यांच्या कडांत लाकडाच्या फळ्या अडकवल्या आणि ते उन्हात ठेवले. दुपारपर्यंत रबर तापून मऊ झालं, कडा लांब झाल्या. ऑक्टोबरच्या उन्हाचा इतका नेमका उपयोग मी आधी पाहिला नव्हता.

रिम तारेच्या ब्रशने घासली. कड बसते तो काठ बोटाने चाचपून गुळगुळीत होईपर्यंत घासायचा. व्हॉल्व्ह नवा, कारण जुन्याचं रबर चिरतं आणि एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा सगळं उघडावं लागतं. मग साबणाचं पाणी आणि काढतानाचीच रीत, उलट क्रमाने. पहिली कड गुडघ्याच्या दाबाने गेली. दुसरी जाताना समोरची बाजू खोबणीत.

आता हवा. टायरच्या पोटावरून, घेराभोवती, मालवाहू गाड्यांवर सामान बांधतात तसला पट्टा आवळला. पट्टा नव्हता तेव्हा सुताची दोरी बांधून तिला दांडक्याने पीळ देत, असं थोरल्याने सांगितलं. पोट आवळलं की दोन्ही कडा बाहेर, रिमच्या काठांकडे सरकतात. व्हॉल्व्हची पिन अजून काढलेलीच, म्हणजे हवा अडखळत नाही. छोटा कॉम्प्रेसर सुरू झाला. फुसफुस, साबणाचे बुडबुडे, मग बुडबुडे थांबले. पट्टा लगेच सैल केला. आणि सगळे मागे सरले.

टक्!

एक कड उंचवटा ओलांडून बसली. थोरल्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पंधरा-वीस सेकंद गेली.

टक्!

"दोन आवाज आल्याशिवाय जवळ जायचं नाय."

हा नियम जिवाचा आहे. कड बसवताना किती दाबापर्यंत जायचं, तो आकडा टायरवर छापलेला असतो. तेवढ्यावरही कड बसली नाही तर हवा सोडायची, पुन्हा साबण लावायचा, पुन्हा पहिल्यापासून. कॉम्प्रेसर पुढे रेटायचा नाही. पोलादी तारेचं कडं तुटलं तर टायर रिमसकट उडतो. माणगावच्या उस्तादांनी मला ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या चाकाची लोखंडी कडी दाखवली होती. हवा भरताना ती सुटली तर समोरच्या माणसाला जगायची संधी देत नाही. म्हणून ते असं चाक साखळदंड गुंडाळल्याशिवाय भरत नाहीत. टायरमध्ये पेट्रोल शिंपडून पेटवून कड बसवण्याचे प्रकारही पोरं मोबाइलवर बघतात. त्या आगीत आतला दाब किती होईल हे कोणाच्याच हातात नसतं. ज्याच्या घरी हे काम चालतं, त्याने ते करू नये आणि कोणाला करू देऊ नये. पट्टा, साबण आणि ऊन, एवढं पुरतं.

पाच पौंडांचा हिशोब

कड बसल्यावर हवा पुन्हा खाली, पाचवर आणायची. पेट्रोल पंपावरचं मीटर इथे कामाचं नाही. तिसात एकाची चूक खपते, पाचात एकाची चूक म्हणजे वीस टक्के. डावीकडे चार आणि उजवीकडे सहा असेल तर गाडी सरळ चालत नाही. घरात कमी दाबाचं वेगळं मीटर होतं, आणि ते या घरच्या वहिनींच्या ताब्यात, देवघराच्या फडताळात, कापडात गुंडाळलेलं. दर सकाळी पहिल्या फेरीआधी सोळा चाकं मोजायचं काम त्यांचं. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजायची, कारण दुपारी वाळूवर तापलेला टायर खोटं सांगतो. वहीत तारखेपुढे त्यांनी आकडे मांडलेले. कुठल्या चाकाची हवा रोज थोडी उतरते, हे त्या वहीवरून मला परकीलाही कळलं. खडूच्या सात फुल्या त्या वहीतूनच आल्या होत्या.

नट आवळायचे ते समोरासमोर. एक आवळला की त्याच्या समोरचा, गोल फिरत नाही. म्हणजे रिम सपाट बसते. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. आणि रोज संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने चाकं धुवायची, आतल्या बाजूनेसुद्धा. मिठाला रात्र मिळाली की त्याचं काम झालं.

वाळूचंही देणं असतं. याच किनारपट्टीवर, वेळासला, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि कोकणातली अनेक गावं पुढे त्या कामात आली. नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येऊन वाळूत अंडी घालते. तीच पर्यटकांच्या गर्दीची वेळ. चाकाच्या भाराने घरट्यावरची वाळू दबते, आणि चाकोरीत पडलेलं इवलंसं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. या घराने दोन नियम पाळले आहेत. चाक भरतीच्या रेषेच्या वर न्यायचं नाही आणि अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. पर्यटक कुरकुरतात, जास्त पैसे देऊ करतात. मला वाटतं, किनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन नियम पाळावेत आणि प्रत्येक पर्यटकाने ते मागून घ्यावेत. किनारा आहे, म्हणून फेऱ्या आहेत.

सातवं चाक

तिसऱ्या दिवशी एकच चाक उरलं. मी ते करून बघू का, असं विचारलं. धाकट्याने काही न बोलता दोन्ही लिव्हर माझ्या हातात दिल्या.

जुना टायर निघाला. नव्याची पहिली कड गेली. दुसरी अर्ध्यावर आली आणि अडली. मी लिव्हर धरली, जोर लावला, आणखी लावला. मनगटं थरथरायला लागली. आजूबाजूला तिघेजण होते, कोणी पुढे आलं नाही. अण्णांच्या अडकित्त्याचा आवाज तेवढा थांबला.

"समोर बघा," ते म्हणाले.

समोरची कड खोबणीतून वर येऊन काठाला टेकली होती. मी लिव्हर सोडून उठले, पलीकडे गेले, दोन्ही गुडघे टायरवर टेकले. कड खाली गेली. तशीच ती दाबून धरत हात लांबवून लिव्हर उचलली, आणि ज्या कडेने मला घाम फोडला होता, ती पानावरून थेंब घसरावा तशी आत गेली. हवा भरली. दोन आवाज आले. वहिनींनी मीटर लावलं, वहीत पाच लिहिलं.

सकाळी निघायच्या आधी त्यांनी पुन्हा मीटर लावलं. सहा चाकं पाचावर. माझं चार.

धाकट्याने साबणाचं पाणी कडेवर ओतलं. एका जागी बारीक बुडबुडे येत होते. त्याच्या चेहऱ्यावर ना नाराजी होती ना कौतुक. त्याने दांडकं आणलं, ठोकळा लावला, कड सोडवली. रिमच्या काठावर मुगाच्या दाण्याएवढी गंजाची खपली राहिली होती. तिच्यावरून माझं बोट फिरलं होतं आणि मी ती तशीच सोडली होती. त्याने तारेचा ब्रश माझ्यापुढे केला.

मी घासलं. या वेळी डोळे मिटून काठ चाचपला, पूर्ण एक फेरा. मग पुन्हा साबण, पुन्हा समोरची बाजू, पुन्हा पट्टा, पुन्हा दोन आवाज. माझी सकाळची एसटी तोवर निघून गेली होती. वहिनींनी दुपारच्या गाडीआधी, टायर सावलीत ठेवून, मीटर लावलं आणि वही माझ्याकडे सरकवली. सातव्या चाकापुढचा आकडा मी माझ्या हाताने लिहिला. पाच.